ओवशाच्या दिवशी रंगवलेला डोळा

आमच्या घरात मारण्याला मारणं म्हणत नसत. 'हात लागला' म्हणत. आईचा हात लागायचा, दादाचा हात लागायचा, आणि खोटं कशाला बोलू, माझाही लागायचा. नळावर माझी बादली सरकवली म्हणून शेजारच्या सुषमाच्या थोबाडीत मी अशी दिली होती की तिच्या कानातलं डूल उडून गटारात गेलं. बाबा होते तोवर हे खातं त्यांच्याकडे होतं. ते गेल्यावर दादाने त्यांची खुर्ची घेतली, त्यांचं घड्याळ घेतलं आणि त्यांचा पट्टाही घेतला. आईच्या हाताला तर रागसुद्धा लागत नसे. आंबोळ्या घालता घालता, गावच्या गजाली सांगता सांगता तिचं उलथनं सहज माझ्या मनगटावर यायचं, आणि गोष्ट पुढे चालू राहायची. बोरिवलीच्या त्या बैठ्या चाळीत भिंती इतक्या पातळ होत्या की पलीकडे मिरचीची फोडणी पडली की आम्ही खोकायचो. म्हणजे आमच्याकडचं सगळं पलीकडे ऐकू जात होतं. कुणी कधी आलं नाही, कारण त्यांच्याकडचं ऐकून आम्हीही कधी गेलो नव्हतो.

या घरात वहिनी आली. तिचं नाव तेजस्विनी, माहेर देवगडजवळच्या एका वाडीतलं, वयाने माझ्याहून फक्त आठ महिन्यांनी मोठी. दादा गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन होता. सकाळी जायचा तो कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी उगवायचा. आई दुपारी एका सोसायटीत स्वयंपाकाला जायची. त्यामुळे दुपार आम्हा दोघींची असायची, आणि त्या दुपारींमध्ये मी वहिनीच्या डोळ्यांवर माझं सगळं शिक्षण केलं. माझ्या पापण्या तेलकट. कुठलाही रंग लावा, अर्ध्या तासात तो घडीत जाऊन बसायचा. वहिनीच्या पापण्या रुंद आणि कोरड्या, तिच्या उजव्या भुवईखाली एक तीळ. ती पंख्याखाली चटईवर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "चल, रंगव भिंत."

बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला एका बोळात सौंदर्याच्या सामानाचं दुकान होतं. तिथे रिकाम्या पॅलेट मिळायच्या. काळ्या पुठ्ठ्याची पेटी, झाकणाला आरसा, आत लोहचुंबकाचा पातळ पत्रा. रंगाच्या सुट्या चकत्या वेगळ्या घ्यायच्या आणि आपली आपण पेटी भरायची. महागड्या तयार पॅलेटमधले अर्धे रंग कुणी वापरत नाही, हे मला व्हिडिओ बघून कळलं होतं. स्वस्तातल्या चकत्यांची गंमत अशी की काहींचं बूड अॅल्युमिनियमचं असायचं, ते चुंबकाला चिकटतच नसे. पेटी उघडली की रंग खाली सांडायचे. मग मी बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून प्रत्येक चकतीच्या बुडाला चिकटवायची. बोटं कापायची, पण पेटी मग उलटी धरली तरी काही पडत नसे. दुकानातल्या इंग्रजी नावांशी आम्हाला कर्तव्य नव्हतं. नावं वहिनी द्यायची. गडद मरून म्हणजे कोकम. मळकट हिरवा म्हणजे शेवाळ. एक चंदेरी निळा होता, त्याला ती बांगड्याचं पोट म्हणायची. काही रंग खडूसारखे होते, दहा वेळा घासले तरी दिसायचे नाहीत. काही असे की बोट लावलं की गालभर भुकटी. मी ब्रश ओला करून बघायची, क्रीम लावून बघायची, काय टिकतं आणि काय दगा देतं ते वहीत लिहायची. एकदा वहिनीने नेमका डोळा मिचकावला आणि तासाभराचं काम पुसलं गेलं, तेव्हा मी ब्रशच्या दांड्याने तिच्या बोटांवर फाडकन मारलं होतं. ती हसली. मीही हसले. आमच्या घरातला हात तिला माझ्याकडूनही लागला होता, हे मला फार उशिरा मोजता आलं.

कुठलंही काम करताना मी फोन लावून ठेवायची. पिठाच्या डब्याला टेकवून. आधीचा डोळा, नंतरचा डोळा, मधला हात. त्यातले तुकडे कापून मी इंटरनेटवर टाकायची. वहिनीने एकच अट घातली होती, चेहरा दिसता कामा नये. मी फक्त डोळा टाकायची. लोक वाखाणायचे, आणि मला वाटायचं आता काय, आपली गाडी सुसाट सुटली. पण भुवईखालचा तीळ कापायचं माझ्या डोक्यात आलं नाही. इतके दिवस तो डोळा बघत होते की तीळ मला दिसेनासाच झाला होता.

गौरी यायच्या होत्या. वहिनीचा तो पहिला ओवसा. आमच्या कोकणात नव्या सुनेचा ओवसा म्हणजे मोठं काम. माहेरची माणसं सुपं घेऊन येतात, सुपात पानं, फळं, नारळ, हळदकुंकू. सून ती सुपं गौरीपुढे ओवसते, मग सासरच्या एकेका थोराच्या हातात सूप देऊन पाया पडते. त्या वर्षी गावी जायला दादाला सुट्टी मिळाली नाही म्हणून आमच्याच दोन खोल्यांत सगळं करायचं ठरलं होतं. वहिनीचे बाबा आणि भाऊ देवगडहून निघाले होते. आदल्या संध्याकाळी आई काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्यासाठी खोबरं भाजत होती, वहिनी भाजी निवडत होती, आणि दादा आला. चप्पल न काढता आला, तेव्हाच मला कळलं. त्याने फोन वहिनीच्या तोंडासमोर धरला.

"हा डोळा कुणाचा?"

 मी म्हटलं, "दादा, मी टाकलाय तो. तिला माहीतपण नाय."

"तुला नंतर बघतो. लग्नात जेवून गेलेला युनिटमधला प्रत्येक भडवा तीळ बघून मला विचारतोय, काय रे, बायको हिरॉइन झाली काय? झकास डोळे मारते म्हणे."

त्या रात्री मात्र मला त्याने बघितलं नाही. लग्नाला आलेल्या बहिणीच्या तोंडावर वळ उठला तर गल्ली विचारते, बायकोच्या तोंडावर उठला तर विचारत नाही, एवढा हिशेब त्याला रागातही यायचा. त्याने वहिनीचे केस हाताला गुंडाळले आणि तिला आतल्या खोलीत ओढत नेलं. निवडलेली भाजी तिच्या पायाबरोबर फरफटत आत गेली. पहिला आवाज आला तो कपाटाचा. मग तिचा. आईने मिक्सर लावला. खोबरं वाटून झालं तरी मिक्सर चालूच होता, भांडं तापल्याचा जळका वास यायला लागला, तरी आईचं बोट बटणावर. मी मोरीपाशी उभी होते. माझ्या हातात सुरी होती आणि मी काकडी सोलत होते, हे मला अजून आठवतं. ज्या हाताने सुषमाचं डूल उडवलं होतं, तो हात त्या वेळी सालं काढत होता. दादा बाहेर आला, हात धुतले, जेवायला बसला. "मीठ कमी आहे," एवढंच बोलला.

सकाळी वहिनीचा उजवा डोळा अर्धा मिटलेला होता. वरची पापणी काळीनिळी, खाली गालापर्यंत जांभळी रेघ, डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त. आईने तिला एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "शले, तुझो तो डबो काढ. अकरा वाजता तिचो बापूस येतलो."

"आई, हे झाकेल?"

"इतके दिवस काय शिकतंस मग? झाकली मूठ सव्वा लाखाची. बस खाली."

दादा दारात उभा होता. तो मनगटावरचं घड्याळ बांधत होता.

मी चटई अंथरली. वहिनी बसली. आई चुलीकडे वळल्यावर ती हळूच म्हणाली, "शलू, नको लावूस. बाबांना बघू दे."

हे वाक्य मी आज लिहिते आहे तेव्हा माझा हात थांबतो. तेव्हा थांबला नाही. मला भीती वाटत होती, हे खरंच. तिचे बाबा विचारणार, कशावरून मारलं, आणि मग माझा व्हिडिओ निघणार, माझा फोन जाणार, माझी पेटी मोरीत फुटणार. पण नुसती भीती होती असं म्हणाले तर ते अर्धंच होईल. इतकी अवघड कामगिरी मला कधी मिळाली नव्हती. निळ्याला नारिंगी मारतो, हे मला ठाऊक होतं आणि करून बघायचं होतं. मी नारिंगी चकती सुरीच्या टोकाने खरवडली, स्टीलच्या ताटलीत कोल्ड क्रीममध्ये कालवली आणि बोटाने थापायला लागले. वहिनीने मान वळवली. मी डाव्या हाताने तिची हनुवटी पकडली आणि परत समोर आणली. तिने पुन्हा वळवली. मग मी गाल आणि जबडा असा आवळून धरला की माझी नखं तिच्या कातडीत रुतली, आणि म्हणाले, "हलू नको. नाहीतर परत खाशील."

तिच्या डोळ्यातून पाणी आलं, ते मी टिपलं, कारण पाण्याने थर फाटतो. निळं हळूहळू मेलं. त्यावर फाउंडेशन, त्यावर पावडर. सुजलेल्या पापणीवर गडद कोकम, कारण गडद रंगाने फुगीर भाग आत गेल्यासारखा दिसतो. एकच डोळा भडक दिसला तर शंका येईल, म्हणून चांगल्या डोळ्यावरही तेवढाच. कुंकवाशी जुळणारी लिपस्टिक. शेवटी मी मागे सरकून बघितलं, आणि मला आनंद झाला. हे मला सांगायलाच हवं. मला आनंद झाला. आई म्हणाली, "काय एक दिसना नाय गो," आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर तिचा हात मारायला नाही तर थोपटायला पडला. तेवढ्यात माझी नजर पिठाच्या डब्याकडे गेली. सवयीने मी फोन लावून ठेवला होता. तो चालू होता.

ओवसा झाला. वहिनीचे बाबा धोतर-टोपीतले, बारीक, बोटांना सुपाऱ्या कातरून चिरा पडलेल्या. समईच्या उजेडात वहिनी सुपं ओवसत होती आणि मी तिच्या कपाळावरच्या घामाकडे डोळे लावून बसले होते, कुठून थर सुटतो की काय म्हणून. डोळ्यातली लाली बघून त्यांनी विचारलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "धुपाचो धूर लागलो ओ." वहिनीने दादाच्या हातात सूप दिलं आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग बापाच्या पाया पडली. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी माझ्या हातांनी जिथे धरला होता तिथेच, आणि म्हणाले, "माझा चेडू गवरीसारखा दिसता." वहिनीने तोंड उघडलं. दादा तिच्या मागेच उभा होता. तिने तोंड मिटलं. जेवणं झाली, वाटाण्याचं सांबारं सगळ्यांनी वाखाणलं, दोन वाजता ती माणसं गेली.

त्यानंतर दादाचा हात सैल सुटला. झाकता येतं हे त्याला कळलं होतं, आणि हे त्याला मीच दाखवलं होतं. चहा गार म्हणून, फोन उचलायला उशीर झाला म्हणून, कधी काहीच नाही म्हणून. वहिनीने माहेरी फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडून तिचे बाबा मोठ्याने बोलत होते. "अगो, मी माझ्या डोळ्यांनी बगलंय. ओवशाक इल्लंय तेव्हा तुझ्या तोंडार काय एक नव्हता. नवीन घर आसा, जरा सोस." तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"शलू, त्या दिवशी तू शूट केलं होतंस ना?"

"नाही. डिलीट केलं लगेच."

 क्लिप माझ्या फोनमध्ये होती. रोज रात्री झोपताना मी ठरवायची, उद्या पाठवू. आणि रोज सकाळी मला माझाच आवाज आठवायचा. त्यात दादा कुठेच नव्हता, आईही दिसत नव्हती. नुसता तिचा डोळा, तिचं 'नको लावूस', आणि माझा हात आणि माझा आवाज. ते बघून कुणालाही वाटलं असतं की मारलंय मीच. दीड महिना मी तशीच राहिले.

मग एका दुपारी दादाने जेवणाचं ताट तिच्या कानावर मारलं. स्टीलचं, जड, कडेला वळलेलं. ती बसल्या जागी कलंडली आणि कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईच उत्तर देत होती, मोरीत घसरली म्हणून. वहिनीला प्रश्न ऐकूच येत नव्हता. ती डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होती आणि मान डोलावत होती. मी बाहेर बाकावर येऊन बसले. तिथे बसून मी ती क्लिप तिच्या बाबांना पाठवली. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे बाबा आणि भाऊ दारात उभे होते. ना पिशवी, ना नारळ. दादा बनियनवर दात घासत होता. बाबांनी फोन काढला आणि दारातच, आवाज पूर्ण मोठा करून, क्लिप लावली. चाळीतल्या दारांतून माणसं बाहेर आली. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकणारी माणसं पहिल्यांदा उघड्यावर ऐकत होती. 'शलू, नको लावूस. बाबांना बघू दे.' मग माझा आवाज. दादाला समजायला क्षणभर लागलं, मग तो सासऱ्याकडे नाही, बायकोकडे नाही, माझ्याकडे वळला. पहिल्या फटक्यात माझा ओठ दातांवर फाटला. दुसऱ्यात मी दाराच्या चौकटीवर आपटले. तिसरा यायच्या आत वहिनीच्या भावाने त्याचा हात मागे पिरगळला आणि त्याला जमिनीवर पाडून छातीवर गुडघा दिला. त्याने दादाला किती मारलं ते मी सांगणार नाही, पण मला ते थांबू नये असं वाटत होतं, हे सांगते. आई किंचाळत होती. शेवटी बाबांनीच मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनीने एक पिशवी भरली. निघताना तिचे बाबा माझ्यापाशी आले. माझ्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"हो आवाज तुझोच मा?"

मी मान डोलावली.

"पाठवलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "पण उशीर केलंस गो."

वहिनीने माझ्याकडे बघितलंच नाही. मी आशा करत होते, निदान एकदा तरी बघेल. ती भावाच्या उजव्या बाजूने चालत गेली, कारण उजव्या कानाने तिला काही ऐकू येत नव्हतं. ते ऐकणं परत आलं नाही, असं पुढे कुणाकडून तरी कळलं.

दादाने नंतर मला पुष्कळ मारलं. चौथ्या वर्षी मी ते घर सोडलं. या हातांनी मी पुढे शेकडो नवऱ्या सजवल्या. आता चष्म्याशिवाय पापणीची घडी दिसत नाही, म्हणून मुलींना शिकवते. कधी एखादी नवरी येते, फाउंडेशन पुसताना खालून पिवळं-हिरवं काही दिसतं, आणि शिकणारी पोरगी उत्साहाने म्हणते, मॅडम, नारिंगी काढू? मी ब्रश खाली ठेवते आणि त्या नवरीशेजारी बसते. तेवढं मला जमतं.

मागच्या गौरींना मी वहिनीचा नंबर मिळवला. ती कणकवलीला असते, शिवणकाम करते. मी नाव सांगितलं. शिवणयंत्राची खडखड थांबली, ते मला ऐकू आलं. जे म्हणायचं घोकून ठेवलं होतं ते मी म्हणाले, चुकलं, माफ कर, वगैरे. 

"तू पाठवलंस म्हणून मी सुटले," ती म्हणाली. "ते मी सगळ्यांना सांगते. पण शलू, तुझा भाऊ मारायचा तेव्हा मी ओरडायची तरी. तू धरलंस तेव्हा माझा आवाजच निघाला नाही. मला वाटलं होतं, या घरात एक माणूस माझं आहे."

"माहीत आहे गं मला."

"इतकी वर्षं माहीत होतं?"

"हो."

"मग आज तुला काय पाहिजे माझ्याकडून?" तिने विचारलं.